पालकांचा हक्क आणि शेजारचे बाळ

रिसोड तालुक्यातील कोणत्याही गावी लसीकरणाच्या दिवशी घटकाभर अंगणवाडीत बसावे. कडेवर बाळ आणि हातात कार्ड घेऊन माता येतात. परिचारिका लस टोचते, ताप आल्यास काय करावे ते सांगते. जे घर आले नाही, तेथे आशा सेविका स्वतः जाते. या साऱ्या व्यवहारात कायद्याचा धाक नाही. आपला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम ऐच्छिक आहे.

अमेरिकेत शाळाप्रवेशासाठी लस आवश्यक, आणि सूट कोणाला हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. गोवराच्या उद्रेकानंतर कॅलिफोर्नियाने २०१५ साली वैयक्तिक श्रद्धेची सूट रद्द केली. उलट फ्लोरिडाच्या आरोग्यप्रमुखांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वच सक्ती उठविण्याचा मनोदय जाहीर केला. आपण यांपैकी कोणाचे अनुकरण करावे? आमच्या मते, कोणाचेच नको.

सक्ती आम्ही पाहिलेली आहे. मुंबईत १८७७ साली ब्रिटिशांनी देवी काढणे कायद्याने बंधनकारक केले. त्याच इंग्लंडला १८९८ साली आपल्या देशातील पालकांच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी सूट द्यावी लागली. मूल प्रथम कुटुंबाचे आहे, हा विचार आम्हांस कोणा परक्याने शिकवावा लागत नाही. शाळेत लस देण्यापूर्वी पालकांची संमती हवी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी जानेवारी २०१९ मध्ये बजावले, ते योग्यच झाले. कोणावरही बळाने लस लादता येणार नाही, मात्र समाजाच्या आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये म्हटले.

पण हक्क सांगणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गोवराच्या लसीची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर मिळते. त्याआधीचे तान्हे बाळ सर्वस्वी भोवतालच्या मुलांच्या भरवशावर असते. शंभरातील पंचाण्णव मुलांना लस मिळाली, तरच हा रोग पसरण्याचे थांबतो. मुंबईत गोवंडी परिसरात २०२२ साली गोवराने बालके दगावली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. आपण नकार देतो तो आपल्या मुलापुरता, ही समजूत म्हणूनच खरी नाही. शेजारच्या पाळण्यातील बाळाला कोणी विचारलेले नसते.

शासनालाही सुटका नाही. आपल्या शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. त्यानंतर एखादी माता बाटलीवरील नाव वाचून दाखवा म्हणाली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्याला आहे?

शाळेतील मोहिमेआधी आठ दिवस तरी मराठीतील संमतिपत्र घरी जावे. लस कोणती, त्रास काय संभवतो आणि तसे झाल्यास कोणाला गाठावे, हे त्यात असावे. आणि आशा सेविकेला जेथे दार उघडले जात नाही, तेथे त्या घरच्या ओळखीच्या कार्यकर्त्याने तिच्यासोबत जावे. वाद घालण्यास नव्हे, शंका ऐकून घेण्यास.