घरबसल्या ट्रक

गेल्या महिन्यात कोळवणहून मामाचा फोन. "अरे, इंदूरला एक सहा टायरी मिळतेय, साडेआठ लाखाला. नंबर पाठवलाय, तुझ्या मोबाईलवर बघ बरं काय निघतंय ते."

झालं, आमच्यातला आयटीवाला जागा झाला. एमपरिवहन उघडलं, नंबर टाकला. आरसी अ‍ॅक्टिव्ह, फिटनेसची मुदत शिल्लक, विमा चालू, कर भरलेला, बँकेचा बोजा उतरलेला. विकणाऱ्याने चौदा फोटो आणि एक व्हिडिओ धाडला होता, त्यात इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू. मी मामाला सांगितलं, "क्लीन आहे. देऊन टाक टोकन."

म्हणजे कोथरूडात चहा पीत, पंचवीस मिनिटांत, मी दुसऱ्याच्या साडेआठ लाखांवर सही केली. त्यातले सहा लाख पतसंस्थेचं कर्ज, भाताची खाचरं तारण ठेवून.

मामाचा माझ्यावर विश्वास आहे, पण एवढा नाही. त्याने पौडच्या मिस्त्रीला रात्रीच्या बसने इंदूरला पाठवलं. मिस्त्रीने सकाळी सातला, गाडी गार असताना सेल्फ मारला. चौथ्या खेपेला कुरकुरत उठली. (व्हिडिओ काढण्याआधी तापवून ठेवली असणार, दुसरं काय!) ऑइलचं झाकण काढलं तर बॅक कॉम्प्रेशनचा धूर तोंडावर. मग गडी गाडीखाली आडवा झाला. मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चेसीला तडा, त्यावर वेल्डिंग, त्यावर ताजा काळा रंग. आणि ही गाडी चालवणार होता माझा मामेभाऊ, खडी भरून, पिरंगुटच्या घाटातून.

ऑफिसात हे सांगितलं तर एक मित्र म्हणतो, "डेटा कमी पडला रे. अजून फोटो मागवायचे, व्हिडिओ कॉल करायचा." नाही! मुद्दा डेटाचा नाहीच. कॅमेरा ज्याच्या हातात, तो विकणारा. ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट केस लिहायच्या आणि त्यानेच "पास" म्हणायचं, हे आपण स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये चालवून घेऊ का? मग गावाकडच्या माणसाच्या पैशाच्या बाबतीत का चालतं?

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला. अमेरिकन बोलीत फसव्या गाडीला 'लेमन' म्हणतात. विकणाऱ्याला गाडी माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो, चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकत नाही, आणि बाजारात लिंबंच जास्त उरतात. 2001 साली त्याला नोबेल मिळालं, दोघांबरोबर विभागून. मिस्त्रीने हा निबंध वाचलेला नाही. त्याची गरजही नाही, कारण तो गाडीखाली घुसतो.

कागद बघूच नयेत असं मी म्हणत नाही. परराज्यातली गाडी म्हणजे फॉर्म 28 ची एनओसी, नाव बदलायला 29 आणि 30, कर्ज असेल तर 35, वर महाराष्ट्राचा कर आणि नवा एमएच नंबर. 'स्वस्त' भावात हा खर्च कुणी धरत नाही. हे सगळं घरी बसून तपासता येतं आणि ते आपलंच काम आहे. पण फिटनेसचं सर्टिफिकेट? आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकला ते दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर एकेक वर्षाचं. पासिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडीत दीडपट माल भरला, तरी स्क्रीनवर हिरवंच दिसणार.

आपली गोची अशी की गावाकडे आपल्याला सगळं कळतं असा समज आहे, आणि आपल्यालाही तो आवडतो. "मला ट्रकमधलं काही कळत नाही" हे एक वाक्य मामाला सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्यापेक्षा "क्लीन आहे" सोपं वाटलं.

असो. मिस्त्रीने दोन दिवसांचे चार हजार आणि बसभाडं घेतलं. मामा आता बारामतीकडची एक गाडी बघतोय, नंबर मला पाठवलाय. कागद मी बघितले, ठीक आहेत. शनिवारी मिस्त्रीबरोबर मीही जाणार आहे, गाडीखाली घुसायला एक जुना शर्ट काढून ठेवलाय.