शेंडी कोरडीच राहिली

माझ्या शेजारच्या साच्यावर एक कॅथलिक दोस्त आहे. परवा रात्रपाळीत त्यानं मला मूळ पाप समजावलं. आदमानं आज्ञा मोडली, डाग लागला सगळ्या माणसांना. पोपलाही, गटार उपसणाऱ्यालाही. एक मरियामाता सोडली तर कुणी सुटलं नाही. मी हसलो. जन्माचा डाग कुणाला शिकवतोस, बाबा!

पण खरं सांगतो, मनूपेक्षा हे बरं वाटलं. मनूनं डाग आमच्याच कपाळी मारला, वर पाणीही तोडलं. यांचा डाग बाप्तिस्म्यानं जातो. माणूस जखमी आहे, पार सडलेला नाही, म्हणतात. संतही जन्मानं कुणी होत नाही.

मग जात का धुतली नाही, साहेब? १६२३ साली पंधराव्या ग्रेगरी पोपनं दक्षिणेतल्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांना शेंडी-जानवं ठेवायची मुभा दिली. ती म्हणे समाजातली खूण! आदमाचं पाप धुतलं, शेंडी कोरडीच.

त्रावणकोरचा देवसहायम १७५२ साली धर्मापायी मारला गेला. २०२२ च्या मे महिन्यात तो संत झाला, तेव्हा कुठं त्याच्या नावामागचं ‘पिल्लै’ गळालं. तेही लोकांनी हरकत घेतली म्हणून.

मी दोस्ताला विचारलं, कबुलीजबाबाला बसल्यावर ‘फादर, मी जात पाळली’ असं कुणी म्हणतं काय रे? तो गप्प.

आणि आपण? पोटजात बघून सोयरीक जुळवणाऱ्या बौद्धांनी इथं टाळ्या वाजवू नयेत. त्यांना तर कबुलीला फादरही नाही.