दम मुलात नाही, की माउथपीस बसत नाही?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत एखाद्या शाळेचे बँडपथक बिंदू चौकात येते, तेव्हा लोकांचे लक्ष कॉर्नेट आणि ड्रमकडे जाते. बाबासाहेबांच्या हयातीत, १९५० साली उभारलेल्या त्यांच्या पुतळ्यासमोर सूर उमटतात. त्या सुरांना खालून पेलणारे युफोनियम आणि ट्युबा मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

विद्यार्थिदशेत युफोनियम माझ्या वाट्याला आले होते. खालचा सूर फाटे, वरचा निसटे. ‘तुझ्यात दम नाही’ हे इतक्या वेळा ऐकले की मीही ते खरे मानले. पुढे एका वयोवृद्ध बँडवादकाने माउथपीस हलवून पाहिला, तर तो नळीत डुगडुगत होता. ट्रॉम्बोनचा बारीक दांडीचा माउथपीस युफोनियमला लावलेला होता.

माउथपीसची दांडी टोकाकडे निमुळती असते आणि वाद्याच्या नळीचे तोंडही त्याच उताराचे असावे लागते. दांड्या एकाच मापाच्या नसतात. बारीक दांडीचे टोक सुमारे ११ मिलिमीटर, जाड दांडीचे सुमारे साडेबारा. काही युफोनियमना यांच्या मधले माप लागते. दांडी बारीक पडली तर ती फार आत जाते, हलते आणि हवा निसटते. जाड पडली तर बाहेरच राहते आणि नळीची लांबी वाढून सूर उतरतो. युफोनियमची नळी सुमारे नऊ फूट, मोठ्या ट्युबाची अठरा. तिथे चार-दोन मिलिमीटरने काय बिघडणार, असे वाटते. परंतु ओठांचे कंपन ज्या अरुंद वाटेने वाद्यात शिरते, तिथलाच हा फरक असतो. म्हणून सूर उशिरा उमटतो, सप्तके परस्परांशी जुळत नाहीत आणि मूल अधिक जोराने फुंकून लवकर थकते.

यावर कागद गुंडाळण्याची रीत आहे. एका कार्यक्रमापुरती ती चालेल. पण ओलाव्याने कागद भिजतो आणि दोष जागच्या जागी राहतो. देणगीतून आलेली वाद्ये निरनिराळ्या बनावटीची असतात, माउथपीस मात्र एकाच पेटीत ठेवले जातात. अदलाबदल तिथेच होते.

भिक्खू सोण साधनेच्या अतिरेकाने खचला, तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांची आठवण करून दिली. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. वादकाला अधिक कष्ट करण्यास सांगण्यापूर्वी वाद्य नीट लागले आहे का, हे पाहावे, असाही बोध मी त्यातून घेतो.

माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी बँडसाठी देणगी देताना नव्या वाद्याआधी असलेल्या प्रत्येक वाद्याला नेमका बसणारा माउथपीस द्यावा. तो ओठांना लागणारा असल्याने प्रत्येक मुलाला स्वतंत्र मिळावा. पारख सोपी आहे: माउथपीस हलकेच बसवून बाजूला हलवावा, डुगडुगला तर तो त्या वाद्याचा नव्हे. ही पारख झाल्याखेरीज कोणत्याही मुलाला ‘तुला जमणार नाही’ असे सांगू नये. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले गेले, त्याच्या शाळेत तरी दोष आधी साधनात शोधावा, मुलात नंतर.