ग्रामसभा सोयाबीन काढणीत. गावाच्या आराखड्यात शेती मागे का पडते?

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी ११ वी अनुसूची आणली. त्यातील २९ विषयांत पहिला विषय कृषी व कृषी विस्तार, दुसरा जमीन सुधारणा व मृद्‌संधारण, तिसरा लघुपाटबंधारे व पाणलोट विकास, तर चौथा पशुसंवर्धन आहे. कागदावर शेती अशी सर्वांत वर आहे. मात्र अनेक गावांचा ग्रामपंचायत विकास आराखडा पाहिला तर पेव्हर ब्लॉक, गटारे आणि पथदिवेच जास्त दिसतात.

याचा दोष नेहमी सरपंचांवर टाकला जातो. पण कॅलेंडरही पाहावे. पुढील वर्षाच्या आराखड्याची मोहीम २०१८ पासून साधारण २ ऑक्टोबरला सुरू होते. त्याच वेळी मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची काढणी असते, मजूर आणि मळणीयंत्र मिळवण्याची धावपळ असते. सकाळी अकराच्या ग्रामसभेला शेतकरी येणार कसा?

मग काय होते ते नीट समजून घ्यावे. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ४०० मतदारांच्या गावात ६० जण पुरतात. १,५०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २२५ होतात, पण तिथेही १०० पुरेसे. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे वीस-पंचवीस जणांत वर्षभराच्या कामांचा निर्णय होतो, तोही कायदेशीरच. काढणीच्या दिवसांत सभा सायंकाळी ठेवावी, अशी लेखी मागणी गावातील शेतकरी गटाने आधीच केलेली बरी. महिलांची सभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. पाणी, चारा, शेळ्या यांचे विषय तिथेच आधी निघू शकतात, पण ती सभा बऱ्याचदा सह्यांपुरतीच उरते.

दुसरी अडचण मागणीच्या शब्दांत आहे. ‘शेतीसाठी पाण्याची सोय करावी’ असा ठराव कोणत्याच निधीत बसत नाही. कोणत्या गटातून वाहणारा ओढा, किती मीटर गाळ काढायचा, कोणत्या बंधाऱ्याची गळती थांबवायची, पाणंद कुठून कुठपर्यंत, किती शेतकऱ्यांना फायदा, हे ठरावात लिहिले पाहिजे. इथे सहायक कृषी अधिकाऱ्यांची मदत खरी मोलाची. शिवारफेरी सभेआधी झाली तर सभेत वाद कमी होतो.

निधीचा हिशेबही माहीत असावा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामीण अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता. त्यातील निम्मा पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पुनर्वापरासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित भाग पगार व आस्थापना खर्च वगळता २९ विषयांतील स्थानिक गरजांवर वापरता येत होता. म्हणजे शेतीच्या कामांना दार होते, पण ते ठोठावायला शेतकरी सभेत कमीच होते. २०२६-२७ पासून १६ व्या आयोगाचा काळ आहे. नव्या अनुदानाच्या अटी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून सभेत वाचून घ्याव्यात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव सगळेच घेतात, पण तिथली खरी गोष्ट बंधारे नव्हे. दरवर्षी पडलेला पाऊस आणि उपलब्ध पाणी मोजून ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो, त्यावर पिकांचे नियोजन ठरते. सिंचनासाठी बोअर नाही आणि ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिके नाहीत, हे गावाने स्वतः ठरवले, म्हणून ते पाळले गेले. हाच निर्णय तालुक्यावरून आदेश म्हणून आला असता, तर पहिल्याच उन्हाळ्यात रात्री बोअरच्या गाड्या लागल्या असत्या.

ठराव झाल्यावर तो इतिवृत्तात लिहिला गेला का, हे त्याच दिवशी पाहावे. मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाच्या नावाने कोणालाही पाहता येतो. सभेत सांगितलेले काम तिथे दिसत नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न त्यावरच विचारावा.