फुकट कोणाला मिळते?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्राचा अर्थसंकल्प आला आणि सोमवारी आमच्या शिक्षक-खोलीत पेढे वाटले गेले. नव्या पद्धतीत बारा लाखांच्या उत्पन्नावर बसणारा ८० हजारांचा प्राप्तिकर शून्यावर आला होता. पेढा मीही खाल्ला, हे आधीच कबूल करतो.

त्याच खोलीत 'गृहलक्ष्मी'ला रोज नावे ठेवली जातात. २०२३ पासून कर्नाटक सरकार कुटुंबातील कर्त्या बाईला महिना दोन हजार देते; वर्षाचे चोवीस हजार. कन्नड सहकारी त्याला 'बिट्टी' म्हणतात, आम्ही 'फुकट'. एरवी पाटीवरच्या अक्षरांवरून भांडणारे आम्ही, एवढ्या एका बाबतीत मात्र एकभाषिक!

"कर आम्ही भरतो, खातात ते" हा त्यांचा युक्तिवाद. तो साफ खोटा आहे. आमच्या एका विद्यार्थ्याची आई बेळगावच्या वडगावात मागासाठी कांड्या भरते. प्राप्तिकर ती देत नाही, खरे. पण अंगाच्या साबणावर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता (आता ५ आहे, बरे झाले), तो तिने आणि मी सारखाच दिला. तिच्या मजुरीत तो जास्त बोचला, एवढेच. आणि प्राप्तिकरातली सूट तिला कशी मिळणार? शून्यातून वजा काय करायचे?

गरिबांचे लाड करणारा देश म्हणून अमेरिकेला कोणी ओळखत नाही. तिथे हा पेच १९७५ साली सुटला. राबणाऱ्या गरिबाच्या पहिल्या डॉलरपासून सामाजिक सुरक्षेचा कर कापला जातो, त्याची भरपाई व्हावी, असा सिनेटर रसेल लाँग यांचा आग्रह होता. मुले असलेल्या कुटुंबाला कमाईच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४०० डॉलर; आणि प्राप्तिकर लागतच नसेल तर तेवढी रक्कम सरकार रोख देणार. पुढे ती बरीच वाढली, आजही मिळते. दोष तिथेही आहेत. ज्याला कामच नाही त्याला काही नाही, आणि पात्र असलेल्यांपैकी सुमारे पाचांत एक जण ती मागतच नाही. पण कायद्यात तिचे नाव करसवलत आहे. आमच्या ८० हजारांचे आहे, तेच.

परवा ती आई शाळेत आली होती. "सर, गृहलक्ष्मीचं आलं की सहलीचं देतो की," म्हणाली. हे सांगताना तिने आवाज खाली केला. पेढा खाताना मी केला नव्हता.