जुन्या संगणकांचे निर्लेखन आणि मराठीचे पाठ

दासोपंतांनी ज्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले, ती अंबाजोगाईत चार शतके टिकून आहे. ती वाचण्यास डोळ्यांखेरीज अन्य साधन लागत नाही. प्रस्तुत लेखकाचा प्रबंध मात्र वीस वर्षांच्या आत अवाचनीय ठरला. बीडच्या एका डीटीपी केंद्रात जुळविलेला मजकूर सीडीवरून नव्या संगणकावर उघडला, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटली. प्रबंधाची छापील प्रत ग्रंथालयात आहे. परंतु प्रबंधाबाहेर राहिलेल्या बोलीशब्दांच्या नोंदी कधी छापल्याच नव्हत्या.

युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती इत्यादी प्रणालींत काना, वेलांटी, अर्धाक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत आणि प्रत्येकीची मांडणी निराळी होती. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले, तरी छपाईचा व्यवहार बहुतांशी फाँटांच्या मांडणीनेच चालला. तो फाँट हरवला की मजकूर म्हणजे किल्लीवाचून सकळ लिपी! राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा महानुभावांचे साहित्य पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. तेथे निदान गुप्ततेचा हेतू होता. येथे केवळ बेपर्वाई आहे.

काळजी घेतल्यास काय साधते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या आहेत. बर्नार्ड बेल यांनी या संग्रहाची संगणकीय मांडणी केली. २०१७ पासून त्या ओव्या ‘परी’ या संकेतस्थळावर येऊ लागल्या.

महाविद्यालयांत मात्र जुना संगणक जडवस्तू नोंदवहीतून निर्लेखित होऊन भंगारात जातो. त्यातील हार्ड डिस्क कोणी उघडून पाहत नाही. निर्लेखन समितीवर भाषेचा अध्यापक असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक विभागाने फ्लॉपी ड्राइव्हसह एक चालू स्थितीतील जुना संगणक, त्यावरील प्रणाली व फाँट राखावेत. काही प्रणाली प्रिंटरच्या जोडणीत बसविलेल्या हार्डवेअर कुलपावाचून चालत नसत आणि नव्या यंत्रांवर ती जोडणी सहसा नसते. म्हणून यंत्रही हवे.

मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करावाच. परंतु मूळ फाइल टाकू नये. परिवर्तनात रफार सरकतो, जोडाक्षर फुटते. प्रमाण भाषेतील अशी चूक ध्यानात येते. बोलीतील शब्दाबाबत ती खरे रूप म्हणून कोशात जाऊन बसेल. माझ्या हरवलेल्या नोंदींपैकी काही मी स्मरणाने पुन्हा लिहिल्या आहेत. त्या मूळ पाठ म्हणून कोणी ग्राह्य धरू नयेत.