खासदार बाहेर, प्रश्नही बाहेर

डिसेंबर २०२३. संसदेतल्या घुसखोरीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं, म्हणून अडून बसलेले विरोधी खासदार निलंबित झाले. दोन्ही सभागृहांचे मिळून १४६. सुप्रिया सुळे, अमोल कोल्हे त्यातच. बरं, गोंधळ घातला म्हणून माणूस बाहेर काढला, समजू शकतो. पण निलंबितांनी आधीच लेखी दिलेले प्रश्नही लोकसभेच्या यादीतून काढले! प्रश्नाने कुठला फलक फडकवला होता?

पैशाचंही तेच. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च लोकसभेने गिलोटिन लावून, चर्चेविना मंजूर केला. तेव्हा दोन्ही बाजूंचा गोंधळ होता, मान्य. पण सभागृह चालवायची जबाबदारी आधी कुणाची? बहुमत ज्याच्या हातात त्याचीच ना?

आपल्यातलेच काही म्हणतात, दिल्लीचं आपल्याला काय करायचंय? अरे, २०१८ पासून कर्नाटक विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही. मराठीत कागदपत्रं का देत नाही, हे तिथे उभं राहून विचारणारा आपला माणूस नसला की काय होतं, हे बेळगाव-खानापूरच्या पोरांना मी वेगळं सांगायला हवं? आणि आपले उमेदवार निदान मतदारांनी पाडले. सुळे-कोल्ह्यांना तर बारामती-शिरूरच्या लोकांनी निवडून पाठवलं होतं.